उचलताना गुरगुरणारं पिल्लू आणि लहान चणीच्या कुत्र्याची रोजची काळजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात तीन महिन्यांचं पॉमेरेनियन पिल्लू आहे, वजन जेमतेम सव्वा किलो. घरात कुठेही शू करतं, हातापायांना चावतं, एकटं ठेवलं की ओरडतं आणि गेल्या आठवड्यापासून उचलायला गेलं की गुरगुरतं. घरातले म्हणतात, एवढंसं तर आहे, मोठं झालं की आपोआप सुधारेल. खाणं, स्वच्छता, लसी यांचं काय करायचं आणि शिकवायला कधी सुरुवात करायची, हेही तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही गुरगुरणं यादीत शेवटी लिहिलं आहे. मी तिथूनच सुरू करतो, कारण पशुवैद्य म्हणून लहान जातीची जी कुत्री मी तपासतो, त्यांच्या बहुतेक तक्रारी याच गोष्टीशी येऊन थांबतात.

मोठ्या कुत्र्याला एखादी गोष्ट नको असेल तर ती करून घेणं अवघड असतं. ते जागचं हलत नाही. मग माणूस हाक मारतो, आमिष दाखवतो, थांबतो, शिकवतो. लहान कुत्र्याच्या बाबतीत यातलं काहीच करावं लागत नाही. वरून दोन हात येतात आणि ते हवेत जातं. दिवसातून कितीतरी वेळा, न सांगता, झोपेतून, खेळातून, कधी खाण्यावरून. तुमचं पिल्लू एकदम गुरगुरायला लागलं असं तुम्हाला वाटतंय, पण त्याआधी त्याने बरंच सांगून पाहिलं असणार. मान दुसरीकडे वळवली असेल, नाकावरून जीभ फिरवली असेल, झोप आलेली नसताना जांभई दिली असेल, कान मागे घेतले असतील, हात जवळ येताना अंग ताठ केलं असेल. चेहरा एवढासा, त्यावर केस, आणि आपण पाहतो उभं राहून वरून. त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी त्याला आवाज काढावा लागतो.

म्हणून गुरगुरण्यावर रागावू नका. नाकावर टिचकी मारणं, मानेला धरून हलवणं, उताणं पाडून दाबून ठेवणं, हे सल्ले तुम्हाला मिळतील, एखादेवेळी मिळालेही असतील. यातलं काहीही करू नका. शिक्षेने गुरगुरणं बंद होतं, पण हात आल्यावर वाटणारी भीती तशीच राहते. मग ते कुत्रं आधी कळवत नाही, सरळ चावतं. ‘अचानक चावला’ म्हणून आणलेल्या कुत्र्यांच्या घरी खोदून विचारलं, तर पूर्वी गुरगुरायचा आणि ती सवय आम्ही मोडली, असं बऱ्याचदा निघतं.

सगळ्यात आधी मात्र पिल्लाला डॉक्टरांकडे तपासून आणा. नव्याने सुरू झालेलं गुरगुरणं दुखण्यामुळे असू शकतं: खांदा, मान, पोट, गुडघा, कानाचा संसर्ग. पुढच्या दोन पायांना किंवा काखेत धरून वर ओढायची पद्धत घरात असेल तर त्यामुळेच दुखत असेल. उचलतानाचा एक व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. तपासणीच्या टेबलावर घाबरलेलं पिल्लू गप्प बसतं आणि घरी जे दिसतं ते तिथे दिसत नाही.

दुखणं नाही हे ठरलं की उचलणं नव्याने शिकवा. वाकू नका, शेजारी बसा. एक शब्द ठरवा, ‘वर’ म्हणा, आणि तो घरात सगळ्यांनी तोच वापरायचा. शब्द म्हणायचा, कुशीला हात लावायचा, खाऊचा कण द्यायचा, हात काढायचा. एवढंच काही वेळा. ते हाताकडे आनंदाने पाहायला लागलं की छातीखाली हात सरकवून किंचित आधार द्यायचा, खाऊ, सोडायचं. मग पाय जमिनीवरून जरासे सुटतील इतकंच उचलायचं आणि लगेच खाली ठेवायचं. पूर्ण उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली आणि पिल्लू आपल्या अंगाला टेकलेलं. खाली ठेवताना चारही पाय जमिनीला लागेपर्यंत हात सोडायचा नाही. मध्येच अंग ताठ झालं तर मागच्या पायरीवर यायचं, ओढून पुढे न्यायचं नाही. घाई केली नाही तर बहुतेक पिल्लं थोड्याच दिवसांत ‘वर’ ऐकून स्वतः जवळ येतात.

त्याच वेळी उचलायचे प्रसंगच कमी करा. सोफ्यावरून खाली आणायचंय, खोलीतून बाहेर न्यायचंय, तोंडातली चप्पल सोडवायचीय, या प्रत्येक वेळी उचलण्याऐवजी बोलवा. यासाठी हाताला नाक लावायला शिकवणं फार उपयोगी पडतं. उघडा तळवा त्याच्या नाकापासून चार बोटांवर धरा. हुंगायला पुढे येऊन नाक टेकवलं की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि खाऊ. हळूहळू अंतर वाढवा. मग हात दाखवला की पिल्लू स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे येतं, वजनकाट्यावर चढतं, गाडीतल्या पिंजऱ्यात शिरतं.

घरात लहान मुलं असतील तर नियम एकच: मुलाने जमिनीवर बसायचं, पिल्लू मांडीवर आपणहून आलं तर ठीक. मुलांनी उभं राहून उचलायचं नाही. या जातींच्या पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीपेक्षा बारीक असतात, आणि हातातून किंवा सोफ्यावरून उडी मारल्यावर मनगटाच्या वरच ती मोडतात. त्या जागी लहान जातींत रक्तपुरवठा कमी असल्याने हाड जुळायलाही त्रास होतो. बऱ्याचदा शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागते.

‘मोठं झालं की सुधारेल’ याबद्दल स्पष्टच सांगतो: सुधारणार नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात लहान आणि मोठ्या कुत्र्यांच्या मालकांना वागण्याबद्दल प्रश्न विचारले होते. लहान कुत्री कमी ऐकणारी, जास्त भित्री आणि जास्त चिडकी आढळली. पण त्याबरोबरच हेही दिसलं की त्यांचे मालक नियमांत सातत्य ठेवत नव्हते आणि त्यांच्यासोबत शिकवणं-खेळणंही कमी करत होते. शिवाय शिक्षा जितकी जास्त, तितकी भीती जास्त, हा संबंध लहान कुत्र्यांमध्ये विशेष दिसला. लहान कुत्री मुळातच खडूस असतात असं जे म्हटलं जातं, ते मला मान्य नाही. ती लहान दिसतात म्हणून त्यांचं ऐकलं जात नाही आणि त्यांना शिकवलंही जात नाही.

आणि शिकवायला आजच सुरुवात करा, कारण एक खिडकी बंद होत आली आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी पिल्लांच्या वाढीवर केलेलं काम १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आलं. तेव्हापासून हे माहीत आहे की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. त्यानंतर अनोळखी गोष्टीकडे ते आधी संशयाने पाहतं. तुमचं पिल्लू या काळाच्या टोकावर आहे. इथे लसीचा पेच येतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देतात, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर असावा लागतो. रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर. जंतांचं औषध सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, वजन करून.

मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत घरात कोंडून ठेवायचं का? नाही. ज्या जागी अनोळखी कुत्री फिरतात, शी करतात, तिथे खाली सोडू नका. पार्व्हो या जीवघेण्या जुलाबांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. पण कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर न्या, एका जागी बसा, आणि त्याला वाहनं, छत्र्या, धावणारी मुलं, हेल्मेट घातलेली माणसं लांबून पाहू द्या. लसीकरण झालेलं, शांत स्वभावाचं ओळखीचं कुत्रं असेल तर घरी भेट घडवा. अमेरिकेतल्या पशुवर्तन-तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेचंही म्हणणं असंच आहे: पहिली लस आणि जंतांचं औषध होऊन आठवडा झाला की स्वच्छ, बंदिस्त जागेतल्या पिल्लांच्या वर्गाला न्यायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. कडेवर असलेल्या पिल्लाला पळून जाता येत नाही. त्याने तोंड काखेत लपवलं की तुम्ही मागे सरका. कुणी ‘द्या ना जरा’ म्हणालं तरी हातात देऊ नका. समोरच्याला खाली बसायला सांगा, जायचं की नाही ते पिल्लू ठरवेल.

शू-शीचं शिकवणं सोपं आहे, पण पहिले काही आठवडे कंटाळवाणं आहे. मूत्राशय अगदी लहान असतं, त्यामुळे जागं असताना दर तास-दीड तासाने, उठल्या-उठल्या, खेळ संपल्यावर आणि खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत ठरलेल्या एकाच जागी न्या. पट्टा लावून न्या आणि गप्प उभे राहा. काम झालं की तिथेच, लगेच खाऊ द्या. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ ‘घरात आल्याबद्दल’ मिळाला, असंच पिल्लू समजतं. चुकून घरात केलं तर काही न बोलता पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही आणि घरात पलंगामागे जाऊन करतं. पुसायला एन्झाइम असलेलं क्लीनर घ्या. अमोनियाचं घेऊ नका, त्याचा वास लघवीसारखाच असतो. लहान जातीत शिकवणं रखडतं याचं एक साधं कारण म्हणजे डाग लहान असतो, चटकन दिसत नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे सवय पक्की होते. म्हणून सुरुवातीला सगळं घर मोकळं देऊ नका, नजरेसमोरची एक खोली पुरे.

चावण्याची मला फारशी काळजी वाटत नाही. अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस कायमचे येण्याचा काळ साधारण चौथ्या महिन्यात सुरू होतो आणि सात महिन्यांपर्यंत संपतो. चावायला मऊ खेळणी हाताशी ठेवा. दात लागले की खेळ थांबवून हात स्थिर करा आणि खेळणं पुढे करा. तोंड हाताने बंद करू नका. संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटलं तर बहुधा ते दमलेलं असतं. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा तास तरी झोपतं, पण माणसांनी भरलेल्या घरात त्याला तेवढं झोपू दिलं जात नाही.

एकटं राहणं सेकंदांपासून शिकवा. रात्री तुमच्या पलंगाशेजारी त्याची जागा करा. दिवसा चघळायला काहीतरी देऊन दाराबाहेर जा आणि ते ओरडायच्या आत परत या. ‘रडून रडून गप्प होईल’ हा सल्ला मानू नका. गप्प होणं आणि निर्धास्त होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खाणं, आणि इथे लहान जातीचं शास्त्र खरोखर वेगळं आहे. सव्वा किलोच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा नावापुरता असतो, अंगावर स्नायू-चरबी कमी, आणि आकाराच्या मानाने उष्णता झपाट्याने निघून जाते. एक-दोन वेळचं खाणं चुकलं, उलटी-जुलाब झाले, थंडी लागली किंवा पाहुण्यांच्या गडबडीत ते खूप खेळलं, की रक्तातली साखर एकदम खाली येते. पिल्लू मलूल होतं, चालताना झोकांड्या खातं, थरथरतं, नजर हरवल्यासारखी होते आणि पुढे झटके येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, अंग उबदार ठेवा आणि त्याच पावली दवाखान्यात निघा. बेशुद्ध असेल तर तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. हे टाळण्यासाठी सध्या दिवसातून चार वेळा खाणं द्या, त्यातलं शेवटचं झोपण्याआधी. सहा महिन्यांनंतर तीन वेळा, मग हळूहळू दोन. ‘भूक लागली की खाईल, ताट उचलून ठेवा’ हे मोठ्या कुत्र्याला चालतं. तुमच्या पिल्लाने सलग दोन वेळा खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

खाद्य लहान जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं असावं. त्याचे दाणे बारीक असतात आणि थोडक्यात जास्त ऊर्जा मिळते. शिकवताना द्यायचा खाऊ त्याच्याच रोजच्या वाट्यातून बाजूला काढा. बाहेरचा खाऊ दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. मोठं झाल्यावर तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अडीचशे कॅलरी लागतात. म्हणजे दहा टक्के म्हणजे पंचवीस कॅलरी, आणि त्या एका बिस्किटात संपतात. त्याच्या अंगावर चढलेले तीनशे ग्रॅम म्हणजे दहा टक्के वजनवाढ असते, पण केसांखाली ती दिसत नाही. बरगड्यांवरून हलका हात फिरवा. न दाबता त्या लागल्या पाहिजेत.

चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम किंवा गोळ्या, आणि माणसांची वेदनाशामक औषधं यांपासून लांब ठेवा. जमिनीवर पडलेली एक गोळी तीस किलोच्या कुत्र्याला जेवढी लागेल, त्याच्या दहापट मात्रा तीन किलोच्या कुत्र्याला होते. यातलं काही पोटात गेलं तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका.

पॉमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरून ब्रश फिरवला की छान दिसतं, पण आतल्या थरात गुंता तसाच राहतो. केस हाताने विभागून कातडीपासून टोकापर्यंत आठवड्यातून तीन-चार वेळा विंचरा, कानांमागे आणि काखेत जास्त लक्ष द्या. उन्हाळ्यात केस पूर्ण कापू नका. या जातीत कापलेले केस कधीकधी नीट परत येतच नाहीत, आणि उन्हापासूनचं संरक्षणही जातं. चार-सहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस गळून ते काही काळ विस्कटलेलं, विरळ दिसेल. तेव्हा घाबरू नका. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे, कोमट पाण्याने, आणि मुळांपर्यंत वाळवून.

नखं, कान, दात यांसाठी तीच पद्धत वापरा जी उचलण्यासाठी वापरली. आज फक्त पंजा हातात घेऊन खाऊ, उद्या नखाला कात्रीचा स्पर्श, परवा एकच नख. चार जणांनी धरून सगळी नखं एका बैठकीत कापली तर पुढची पंधरा वर्षं प्रत्येक वेळी चार जण लागतील.

दातांकडे या जातीत जास्त लक्ष द्यावं लागतं. लहान जबड्यात तितकेच बेचाळीस दात दाटीने बसतात, त्यामुळे कीटण लवकर चढतं आणि हिरड्या लवकर खराब होतात. कुत्र्यांची टूथपेस्ट घेऊन रोज घासायची सवय आताच लावा. माणसांची पेस्ट नको. पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळ्यांकडे बघा. दुधाचा सुळा न पडता शेजारी कायमचा आला असेल, तर दुधाचा काढून घ्यावा लागतो. नाहीतर कायमचा दात वाकडा येतो आणि दोघांच्या फटीत अन्न सडतं.

फिरायला नेताना पट्टा गळ्यात नको, छातीवर बसणारा हार्नेस घ्या. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, चिवावा यांची श्वासनलिका उघडी ठेवणारे कूर्चेचे कडे कमजोर असण्याची शक्यता जास्त असते, आणि ओढाताणीने तिच्यावर दाब येतो. पाणी पिताना, ओढताना किंवा आनंदात हंसासारखा कर्कश खोकला येत असेल तर तपासून घ्या. चालता-चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार उड्या मारून पुन्हा नीट चालतं असं दिसलं तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता आहे. तो लाड किंवा खेळ नसतो. गुळगुळीत फरशीवर त्याच्या वाटेत घसरणार नाही अशी चटई टाका, सोफ्याला पायरी लावा. पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना गुडघे हाताने तपासायला आणि हृदयाचे ठोके ऐकायला आवर्जून सांगा.